जुन्या फ्लॉप्या आणि आमचा उतावीळपणा

कोणतीहि वस्तु आपणांस वाचतां आली नाहीं म्हणजे ती नष्टच झाली असें समजण्याची संवय मनुष्यास फार जुनी आहे. ज्या कुलुपास आपल्या जुडग्यांतील किल्ली लागत नाहीं, तें कुलूप बिघडलें असें म्हणणें सोपें. आपली किल्लीच चुकली असेल हें मान्य करणें कठीण. यंदा उन्हाळ्याच्या सुटींत शाळेच्या ग्रंथालयामागील खोलीची आवराआवर करतांना हा धडा आम्हांस पुन्हां एकदां शिकावा लागला. तो आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या कानांवर घालावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

त्या खोलींतील एका लांकडी कपाटाच्या तळाशीं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. आंत संगणकाच्या चाळीस-एक जुन्या फ्लॉप्या होत्या. कांहीं सव्वापांच इंचांच्या, लवचिक काळ्या वेष्टनाच्या, व कांहीं साडेतीन इंचांच्या, कठीण प्लास्टिकच्या. आजच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं ही वस्तु हातांत धरलेली नाहीं. त्यांस ती ठाऊक आहे ती पडद्यावरील 'सेव्ह' या आज्ञेचें चित्र म्हणून. शिक्षकांच्या खोलींत डबा उघडतांच दोन मतें पडलीं. "त्या केव्हांच खराब झाल्या असतील, टाकून द्याव्या," हें पहिलें मत, व तें बहुमताचें होतें. दुसरें मत आमचें एकट्याचें होतें, आणि त्यास कारण होतें. तीन फ्लॉप्यांवर निळ्या शाईनें, ओळखीच्या वळणांत, 'शब्दसंग्रह' असें लिहिलें होतें.

तें वळण आम्हांस मराठी शिकविणाऱ्या गुरुजींचें. ते आज हयात नाहींत. भंडारा व चंद्रपूर या बाजूंच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या तोंडचे शब्द टिपून ठेवण्याचा त्यांस छंद होता. वर्गांत कोणी 'कोथिंबीर' न म्हणतां 'सांबार' म्हणाला आणि इतर मुलें हंसलीं, तर गुरुजी हंसणाऱ्यांस गप्प करीत व तो शब्द वहींत उतरून घेत. १९९० नंतरच्या त्या वर्षांत देवनागरी अक्षरें उमटविणारा संगणक दुर्मिळ होता. गुरुजींच्या एका परिचिताच्या कचेरींत तसा एक होता. कचेरी सुटल्यावर तेथें बसून त्यांनीं दोन वर्षें आपल्या वह्या संगणकांत उतरविल्या. त्या वह्या पुढें एका पावसाळ्यांत भिजून गेल्या. राहिल्या त्या तीन फ्लॉप्या.

आतां आमचा अपराध सांगितला पाहिजे. आम्ही तेव्हां याच शाळेंत नववींत होतों. शाळेंत नवा संगणक आला होता, व त्यास हात लावावयास मिळणें ही मोठी प्रतिष्ठा वाटे. आपली फ्लॉपी शाळेच्या संगणकावर उघडते कीं काय, हें पाहण्यास गुरुजींनीं पहिली फ्लॉपी आमच्या हातीं दिली. ती उघडली, मराठी अक्षरें दिसलीं नाहींत, परंतु फाइलींचीं नांवें दिसलीं. तेवढ्यावर आम्हीं थांबावयाचें होतें. परंतु आपल्या हुशारीची खूण म्हणून आम्हीं चार ओळींची एक इंग्रजी चिठ्ठी त्याच फ्लॉपीवर साठविली आणि ती मोठ्या ऐटींत परत नेऊन दिली. त्यानंतर कचेरींतील संगणकानें ती फ्लॉपी वाचण्याचें साफ नाकारलें. गुरुजी एवढेंच म्हणाले, "राहूं दे रे, यंत्र म्हटलें म्हणजे असें व्हायचेंच." फ्लॉपी बिघडली असें सर्वांनीं मानलें, व जवळजवळ तीस वर्षें आम्हीहि तेंच मानीत आलों.

वस्तुतः ती बिघडली नव्हती. काय झालें होतें हें समजण्यास नागपूरकरांस रेल्वेचें उदाहरण पुरेसें आहे. नागपुराहून छिंदवाड्याकडे जाणारी छोटी गाडी २०१५ सालीं बंद होईपर्यंत अडीच फूट अंतराच्या रुळांवरून धांवत होती, आणि मुंबई-हावडा मार्गाची मोठी गाडी साडेपांच फूट अंतराच्या रुळांवरून. मोतीबागेंत २००२ सालीं उघडलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस तेथील लहानगीं इंजिनें आठवत असतील. तें इंजिन मोठ्या रुळांवर चालत नाहीं म्हणून कोणी त्यास मोडकें म्हणत नाहीं. दोष इंजिनाचा नाहीं, रुळाचाहि नाहीं. दोहोंचा मेळ नाहीं, इतकेंच.

फ्लॉपीवरहि असेच अदृश्य रूळ असतात. तिच्या आंतील चकतीवर चुंबकीय लेप असतो. ड्राइव्हचें डोकें त्यावर एकाआंत एक अशीं वर्तुळें काढून मजकूर नोंदवितें; त्या वर्तुळांस ट्रॅक म्हणतात. पहिल्या काळच्या ३६० किलोबाइटच्या सव्वापांच इंची फ्लॉपीवर प्रत्येक बाजूस चाळीस ट्रॅक असत. १९८४ सालीं आय. बी. एम. कंपनीनें 'ए. टी.' नांवाचा संगणक काढला. त्याच्या १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हनें तेवढ्याच जागेंत ऐंशी ट्रॅक बसविले. अर्थात् त्याचें डोकें अरुंद करावें लागलें. असा नवा ड्राइव्ह जुनी फ्लॉपी सहज वाचतो. एकाऐवजीं दोन पावलें टाकीत तो रुंद ट्रॅकच्या मधून चालतो. संकट येतें तें लिहितांना. जुन्या रुंद ट्रॅकच्या मध्यभागीं तो आपली अरुंद रेघ ओढतो; दोन्ही कडांस जुना मजकूर तसाच राहतो. मग ती फ्लॉपी जुन्या ड्राइव्हमध्यें गेली कीं, त्याच्या रुंद डोक्यास नवा व जुना असे दोन्ही मजकूर एकदम ऐकूं येतात. दोन माणसें एकाच वेळीं बोलूं लागलीं म्हणजे एकाचेंहि कळत नाहीं, तशी त्याची गत होते.

कोणी विचारील कीं, चार ओळींच्या चिठ्ठीनें सबंध फ्लॉपी कशी बंद पडली? त्याचें उत्तर असें कीं, कोणती फाईल कोठें आहे याची अनुक्रमणिका फ्लॉपीच्या अगदीं पहिल्या ट्रॅकवर असते. कितीहि लहान फाईल साठविली तरी ही अनुक्रमणिका पुन्हां लिहिली जाते. आम्हीं ग्रंथाचीं पानें फाडलीं नव्हतीं; परंतु त्याची अनुक्रमणिका अशा रीतीनें लिहिली होती कीं, धन्यालाच ती वाचतां येऊं नये.

मात्र या रोगाची गंमत अशी कीं, त्याचा उपाय रोगाच्याच घरीं सांपडतो. ज्या जातीच्या ड्राइव्हनें शेवटचें लिहिलें, त्या जातीच्या ड्राइव्हला तें बहुधा वाचतां येतें. त्याचें डोकें अरुंद असल्यामुळें कडांवरील जुना गोंगाट त्यास ऐकूंच येत नाहीं. एका माजी विद्यार्थ्याच्या घरच्या माळ्यावर १.२ मेगाबाइटचा एक ड्राइव्ह निघाला. तो पुसून, तपासून, आम्हीं त्यांत ती पहिली फ्लॉपी घातली. पडद्यावर फाइलींचीं नांवें एकामागून एक उमटलीं, आणि त्या यादीच्या तळाशीं आमची ती इंग्रजी चिठ्ठीहि होती. तो क्षण आनंदाचा होता कीं शरमेचा, हें आम्हांस अद्याप नीट सांगतां येत नाहीं.

आमचा अनुभव एका दोषापुरता झाला. परंतु फ्लॉपी आणि ड्राइव्ह यांचें न जुळण्याचीं कारणें अनेक आहेत, व तीं क्रमानें तपासलीं तर पुष्कळ 'मेलेल्या' फ्लॉप्या जिवंत निघतात. ज्यांच्या घरीं अशा वस्तु असतील त्यांच्या उपयोगासाठीं मुख्य मुख्य गोष्टी सांगतों.

सर्वांत प्रथम, फ्लॉपी ड्राइव्हमध्यें घालण्यापूर्वीं तिच्यावर लिहिणें अशक्य करावें. सव्वापांच इंची फ्लॉपीच्या कडेची खांच कागदी पट्टीनें झांकली म्हणजे ती सुरक्षित होते. उलट साडेतीन इंची फ्लॉपीचें कोपऱ्यांतील छोटें झडप सरकवून छिद्र उघडें केलें म्हणजे ती सुरक्षित होते. एकीस झांकावें, दुसरीस उघडावें, हा फरक न कळल्यामुळें पुष्कळांनीं रक्षण करावयास जाऊन दार उघडें ठेविलें आहे. तसेंच, 'ही डिस्क फॉरमॅट केलेली नाहीं, करूं काय?' असा प्रश्न संगणकानें विचारला तर उत्तर नेहमीं 'नाहीं' असेंच द्यावें. त्या प्रश्नाचा खरा अर्थ 'मला ही वाचतां येत नाहीं' इतकाच आहे. फ्लॉपी कोरी आहे असा नव्हे.

दुसरें, चकती डोळ्यांनीं पाहावी. नागपूरच्या उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि लगेच पावसाळ्याची दमट हवा सुरू होते. बंद कपाटांतील चकतीवर पांढरट बुरशी धरण्यास ही हवा पुरेशी आहे. बुरशी आलेली फ्लॉपी तशीच घातली तर ती ड्राइव्हच्या डोक्यास चिकटते, चकतीचा लेप खरवडला जातो, आणि त्याच डोक्याखालीं पुढें येणारी निरोगी फ्लॉपीहि बिघडते. म्हणून एखादी फ्लॉपी घांसल्यासारखा आवाज करूं लागली तर ती तत्काळ काढावी, व आयसोप्रोपिल अल्कोहोलांत किंचित् भिजविलेल्या बोळ्यानें डोकें पुसल्यावांचून दुसरी घालूं नये. गुरुजींची दुसरी फ्लॉपी अशीच बुरसटलेली होती. चकती जपून स्वच्छ केल्यावर ती दोन-तीन ठिकाणें सोडून सर्व वाचली गेली.

तिसरें, साडेतीन इंची फ्लॉपीचीं छिद्रें मोजावीं. ७२० किलोबाइटच्या जुन्या फ्लॉपीस एकाच कोपऱ्यांत छिद्र असतें, १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीस दुसऱ्या बाजूसहि एक असतें, आणि त्यावरून नवा ड्राइव्ह तिची जात ओळखतो. कांहीं जुने ड्राइव्ह हें दुसरें छिद्र पाहतच नसत. त्यामुळें त्या काळीं पुष्कळांनीं १.४४ च्या फ्लॉपीवर ७२० च्या पद्धतीनें मजकूर भरला. अशी फ्लॉपी नव्या ड्राइव्हमध्यें घातली कीं तो छिद्र पाहून फसतो. त्या छिद्रावर चिकटपट्टी लावली तर तीच फ्लॉपी निमूटपणें वाचली जाते! दोन पैशांच्या पट्टीनें जें काम होतें, त्यासाठीं लोकांनीं फ्लॉपीच फेकून दिली आहे.

चौथें, ड्राइव्हची जोडणी. संगणक व ड्राइव्ह यांना जोडणारी चौतीस तारांची एक चपटी केबल असते. तींत दहाव्यापासून सोळाव्यापर्यंतच्या सात तारांना एक पीळ दिलेला असतो. पिळाच्या पलीकडचा ड्राइव्ह 'ए', अलीकडचा 'बी', अशी ही खूण आहे. संगणक चालू करतांच ड्राइव्हचा दिवा लागला व तो विझेचना, तर बहुधा केबल उलटी बसली आहे असें समजावें. तिच्या एका कडेची रंगीत रेघ पहिल्या तारेकडे असावी लागते. याखेरीज ड्राइव्ह कोणत्या जातीचा आहे हें संगणकाच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्यें बरोबर नोंदलेलें आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें.

या जोडणींतील एक दोष फार घातकी आहे. आपण एक फ्लॉपी काढून दुसरी घालतों, तरी पडद्यावर पहिलीचीच यादी दिसत राहते. चकती बदलल्याची वर्दी चौतिसावी तार देत असते; दुसऱ्या जातीच्या संगणकांतून काढलेल्या कांहीं ड्राइव्हांत तीच तार निराळ्या कामास लाविलेली असते, त्यामुळें ती वर्दी पोंचत नाहीं. अशा वेळीं कांहीं साठविलें तर पहिलीची अनुक्रमणिका दुसरीवर लिहिली जाते आणि दुसरी फुकट मरते. यास्तव दोन फ्लॉप्यांची एकच यादी दिसली तर चमत्कार न मानतां काम थांबवावें.

पांचवें, लिहिण्याची पद्धत. केंद्र सरकारनें १९८४ सालीं शाळांतून संगणकशिक्षण देण्यासाठीं 'क्लास' नांवाची योजना सुरू केली. आरंभीं देशांतील सुमारें अडीचशें शाळा तींत घेतल्या होत्या, आणि त्यांना इंग्लंडांतील एकॉर्न कंपनीनें तयार केलेले 'बी. बी. सी. मायक्रो' संगणक दिले होते. त्या संगणकांच्या फ्लॉप्या पुढील काळच्या पी. सी.च्या फ्लॉप्यांसारख्याच दिसतात. परंतु पुष्कळांवर मजकूर जुन्या, विरळ पद्धतीनें लिहिलेला असतो, व तो वाचण्याची सोय अनेक पी. सी.च्या कंट्रोलरांत नाहीं. मॅकिन्टॉश संगणकाच्या ४०० व ८०० किलोबाइटच्या फ्लॉप्यांची अडचण आणखी निराळी. तेथें डोकें बाहेरच्या ट्रॅकवर असतां चकती हळू फिरते व आंतल्या ट्रॅकवर जलद, पी. सी.चा ड्राइव्ह मात्र एकाच गतीनें फिरणारा. ज्या पालकांनीं छापखान्यांतील मॅकिन्टॉशवर काम केलें असेल, त्यांच्या जुन्या फ्लॉप्या घरच्या पी. सी.वर उघडल्या नाहींत, तर त्यांत फ्लॉपीचा कांहीं दोष नाहीं.

आतां बाजारांत मिळणारा, यू. एस. बी.नें जोडावयाचा छोटा ड्राइव्ह बहुधा साडेतीन इंची १.४४ मेगाबाइटच्या, व क्वचित् ७२० किलोबाइटच्याच फ्लॉप्या वाचतो. त्यानें नाहीं म्हटलें म्हणजे तो शेवटचा निकाल समजूं नये. 'क्रायोफ्लक्स', 'ग्रीझवीझल' अशा नांवांचीं लहान उपकरणें हल्लीं निघालीं आहेत. तीं खरा जुना ड्राइव्ह आजच्या संगणकास जोडतात, चकतीवरील चुंबकाचे चढउतार जसेच्या तसे नोंदवून घेतात, आणि अर्थ लावण्याचें काम मागाहून करूं देतात. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यानें १९८५ सालीं अमिगा संगणकावर काढलेलीं चित्रें २०१४ सालीं त्याच्या फ्लॉप्यांतून बाहेर आलीं, तीं अशाच जपून केलेल्या वाचनामुळें. मूळ फ्लॉपीस पुनःपुन्हां त्रास न देतां एकदांच पूर्ण नक्कल घ्यावी व पुढचे सर्व प्रयोग नकलेवर करावे, हें त्यांतलें खरें शहाणपण होय.

येथवर आलों म्हणजे काम संपलें असें मराठी माणसास मात्र म्हणतां येत नाहीं. गुरुजींची फाईल उघडली तेव्हां पडद्यावर एकहि मराठी अक्षर नव्हतें. नुसतीं अगम्य चिन्हें होतीं. एक कुलूप उघडावें तों आंत दुसरें! गुरुजींच्या परिचिताच्या संगणकांत पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचें 'जिस्ट' कार्ड बसविलेलें होतें, आणि तें अक्षरें 'इस्की' नांवाच्या संकेतानें साठवीत असे. हा संकेत भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं प्रमाण म्हणून मान्य केला होता. सुदैवानें आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोडमधील देवनागरीचा क्रम मुळांत 'इस्की'वरूनच घेतलेला आहे. त्यामुळें एका संकेतांतून दुसऱ्यांत जाणें फारसें अवघड गेलें नाहीं. परंतु श्रीलिपि, आकृति, कृतिदेव इत्यादि फॉन्टांत टंकलेला मजकूर असता, तर प्रत्येकाची अक्षरयोजना निराळी असल्यामुळें त्या त्या फॉन्टचें नांव ठाऊक असल्यावांचून उलगडा झाला नसता. म्हणून डब्यावर केवळ विषय न लिहितां कोणता संगणक, कोणता फॉन्ट, कोणतें साल, हेंहि लिहून ठेवावें. ज्यांस हें स्मरत असेल अशीं माणसें अद्याप आपल्यांत आहेत, तोंवरच विचारून घ्यावें.

यावर कोणी व्यवहारी गृहस्थ म्हणतील कीं, हा सर्व रिकामपणचा उद्योग आहे. सोनी कंपनीनें २०११ सालीं फ्लॉप्यांची विक्री थांबविली, जपान सरकारनें २०२४ सालीं आपल्या नियमांतून त्यांची सक्ति काढून टाकली. मग शाळेनें हें भंगार कां सांभाळावें? शाळेजवळ जागा थोडी, पैसा थोडा, आणि शिक्षकांजवळ वेळ त्याहूनहि थोडा. हा आक्षेप अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आमचे उन्हाळ्यांतील कित्येक दिवस या कामांत गेले, आणि डब्यांतील निम्म्याहून अधिक फ्लॉप्यांवर जपून ठेवण्यासारखें कांहींच नव्हतें, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. सर्वच जपावें असा आमचा आग्रह नाहीं. न वाचतांच टाकूं नये, एवढाच आहे. काय टाकावें हें वाचणारानें ठरवावें, वाचतां न येणारानें नव्हे.

शिवाय हा प्रश्न फ्लॉपीबरोबर संपणारा नाहीं. आपल्या विदर्भांत वाकाटक राजांचे ताम्रपट सांपडले आहेत. रिद्धपूर येथील प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट सुमारें पंधराशें वर्षांचा आहे. त्याच्या अक्षरांच्या डोक्यांवर लहान पेट्यांसारख्या चौकटी आहेत, आणि सामान्य माणसास त्यांतील एक शब्दहि लागत नाहीं. तरी नागपुरांतील महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनीं ते लेख वाचले, आणि त्यांचा वाकाटकलेखांचा मोठा संग्रह १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. ताम्रपट वाचण्यास यंत्र लागत नाहीं. डोळे, विद्या व चिकाटि लागते. मोडी कागदांचें तसेंच आहे. कागद पुष्कळ आहेत, वाचणारे थोडे. परंतु फ्लॉपीला वाचणारा माणूस पाहिजे, वाचणारें यंत्र पाहिजे, आणि अक्षरांचा संकेतहि पाहिजे. तिहींपैकीं एक हरपलें तर इतर दोहोंचा उपयोग नाहीं. ताम्रपटानें पंधराशें वर्षें वाट पाहिली. फ्लॉपी तीस वर्षांतच थकली. आज आपण ज्या पेन ड्राइव्हवर व मोबाइलवर मुलांचे फोटो आणि आजीचा आवाज साठवून निश्चिंत झालों आहों, त्यांचीहि पाळी उद्यां येणारच आहे.

म्हणून आमच्या मतें शाळेनें तीन गोष्टी कराव्या. एक ३६० किलोबाइटचा, एक १.२ मेगाबाइटचा व एक साडेतीन इंची असे तीन ड्राइव्ह चालू स्थितींत ठेवावे, व त्यांजवळ कोणतें कशाशीं जुळतें हें सांगणारा कागद मराठींत लिहून लावावा. जें वाचलें जाईल त्याची एक प्रत युनिकोडमध्यें, दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं, आणि महत्त्वाच्या मजकुराची तिसरी प्रत कागदावर छापून ग्रंथालयांत ठेवावी. आणि हें काम वरच्या वर्गांतील मुलामुलींच्या हातून करवावें; कारण एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहणें, पाहिलेलें लिहून ठेवणें आणि कळेपर्यंत हात आवरणें, या गोष्टी विज्ञानाच्या पुस्तकापेक्षां या जुन्या ड्राइव्हपाशीं लवकर शिकतां येतात.

पालकांस आमची विनंति आहे कीं, दिवाळीच्या साफसफाईंत अशी एखादी फ्लॉपी निघाली तर ती रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं शाळेंत आणावी. तुमच्यापैकीं कित्येक जण याच शाळेचे विद्यार्थी. तुमच्या विद्यार्थिदशेंतील निबंधहि एखादे वेळीं तींत सांपडतील, व ते वाचून तुमचीं मुलें हंसतील, तर तेंहि बरेंच होईल. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें कीं, दुसऱ्याची वस्तु हातीं आली असतां आपल्या हुशारीची खूण तिच्यावर उमटवूं नका. आधीं वाचा, मग नक्कल करा, आणि लिहावयाचेंच असेल तर आपल्या स्वतःच्या कोऱ्या चकतीवर लिहा.

गुरुजींच्या तिसऱ्या फ्लॉपीविषयीं सांगावयाचें राहिलें. तिच्यावर कांहींहि दोष नव्हता. पहिल्याच प्रयत्नांत ती उघडली, स्वच्छ वाचली गेली, आणि तिच्यांत एका सहामाही परीक्षेचे गुण निघाले. कोणाला तरी घाईंत फ्लॉपी हवी होती. कपाटांत ही दिसली. आंत अगम्य चिन्हें दिसलीं, तीं निरुपयोगी वाटलीं, आणि त्यानें ती फॉरमॅट करून वापरली. संग्रहाचा शेवटचा तिसरा हिस्सा असा गेला. बुरशीनें जें नेलें नाहीं, तीस उन्हाळ्यांनीं जें नेलें नाहीं, आमच्या चिठ्ठीनेंहि जें शेवटीं नेलें नाहीं, तें एका 'होय' या उत्तरानें नेलें.

उरलेल्या दोन भागांची छापील प्रत ग्रंथालयांत ठेविली आहे. 'सांबार' तींत आहे. जे शब्द गेले, ते अद्याप कोणाच्या तरी आजीच्या तोंडीं असतील; ज्या विद्यार्थ्यांचें आजोळ त्या बाजूचें आहे, त्यांनीं येत्या सुटींत ते विचारून, कागदावर लिहून आणावे. तिसरा भाग आपणांस पुन्हां मिळवावयाचा आहे.